परदेशात क्रेडिट कार्ड वापरणं म्हणजे बँकेला फुकटची वर्गणी, पटतंय का?

बर्डीवाला:
राजेहो, सुट्ट्या लागल्या की आपल्या नागपुरातून थायलंड-दुबईला जाणारे वाढतात आणि जो तो विचारतो, पैसे कसे न्यायचे. माझं उत्तर ठरलेलं, क्रेडिट कार्ड घरी ठेवा. बहुतेक कार्डांवर परदेशी चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं वरचं शुल्क, ३.५ टक्के, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. लाखाचा खर्च केला तं ४,१३० रुपये असेच उडाले. आणि दुकानात हे कोणी सांगत नाही, बिल आल्यावर दिसते. इतवारीत दहा रुपयासाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस इथे चार टक्के निमूट सोडून देतो, काहून? फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून न्यायचं कार्ड, ते घ्या, थोडी कॅश ठेवा, विषय संपला.

खामल्याचा_खवय्या:
अर्धंच सांगून राहिले भाऊ तुम्ही. फॉरेक्स कार्ड काय फुकट असते का? डॉलर भरताना जो भाव लावतात त्यातच त्यांचं मार्जिन असते, फक्त ते मार्कअप म्हणून वेगळं छापत नाहीत म्हणून आपल्याला वाटते वाचले. अन् डॉलर भरलेलं कार्ड बँकॉकमध्ये वापरलं तं बिल बाथमध्ये, मग क्रॉस करन्सी चार्ज, तोही बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ज्याच्यापासून पळाले तेच पुढ्यात. त्या देशाचं चलन कार्डात भरता येत असलं तं गोष्ट वेगळी. उरलेले डॉलर परत रुपयात करायला गेले की भाव पुन्हा खाली, ते कोण मोजते?

महालची_मावशी:
मला बर्डीवाल्यांचंच पटतं. टक्केवारी राहू द्या बाजूला, हातात मोजका पैसा असला की माणूस मोजूनच खर्च करतो. आमच्याकडे पोरं फिरून आली की पुढचे चार महिने कार्डाचे हप्ते. पूर्ण बिल भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचा हिशोब केला तर चाळीसच्या वर जातं. त्यापुढे तुमचा मार्कअप किस झाड की पत्ती!

धरमपेठ_आकडेमोड:
मावशी, बिल न भरणं हा कार्डाचा दोष नाही, तो घरचा प्रश्न झाला. खरा खड्डा तिसरीकडेच आहे आणि इथे अजून कोणी त्याचं नाव काढलं नाही. बाहेर कार्ड दिलं की मशीन बऱ्याचदा विचारते, तिथल्या चलनात कापू का रुपयात? रुपयाचा आकडा पाहून आपल्याला बरं वाटते, कळते ना किती गेले ते, आणि आपण रुपया दाबतो. इथेच फसतो माणूस, कारण तो भाव व्हिसा-मास्टरकार्डचा नसतो, दुकानदार आणि त्याच्या बँकेने ठरवलेला असतो, अन् तो सरळ चार-पाच टक्के किंवा त्याहून महाग पडू शकतो. वरून आपल्या इथल्या बऱ्याच बँका अशा रुपयातल्या व्यवहारावर १ टक्का आणि जीएसटी वेगळा लावतात, म्हणजे मार्कअप वाचवायला गेले अन् दोन्हीकडून कापले गेले. निवड करायचा हक्क ग्राहकाचाच असतो, काउंटरवरच्या पोराने परस्पर रुपया दाबला तं तिथल्या तिथे रद्द करायला लावा, लाजू नका. एटीएमवर पण हाच प्रश्न येतो, उत्तर तेच, तिथलं चलन.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश मात्र काढूच नका. कॅश अॅडव्हान्सची फी साधारण २.५ टक्के, बहुतेक ठिकाणी कमीत कमी ५०० रुपये, त्यावर मार्कअप, आणि व्याज त्या दिवसापासूनच सुरू, पन्नास दिवसांची सवलत वगैरे काही नाही.

बाकी टीसीएसचं, म्हणजे पैसे बाहेर नेताना आगाऊ कापला जाणारा कर. २०२३ च्या मे महिन्यात सरकारने बाहेरचा क्रेडिट कार्डाचा खर्च एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, घेतला होता, बोंबाबोंब झाली, जूनच्या शेवटी थांबवला, तो आजही बाहेरच आहे. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे मात्र एलआरएसमध्ये मोजले जातात. एप्रिल २०२५ पासून टीसीएस न लागायची मर्यादा वर्षाला माणशी १० लाख, तिच्यावर गेलं की फिरायला कार्डात भरलेल्या पैशावर २० टक्के टीसीएस. रिटर्न भरताना परत मिळतो पण तोवर पैसा अडकून राहतो. चार दिवसांच्या पट्टायाला याचं काही नाही, पोरीला युरोपात शिकायला पाठवून त्याच वर्षी आपणही तिकडे फिरायला निघालेल्याने नीट पाहावं.

बर्डीवाला:
हाव, रुपयाचं बटन दाबू नये हे मान्य. पण हे सगळं सांभाळायला माणूस सीए पाहिजे राजा! माझ्या बापाच्या वयाचा माणूस काउंटरवर मागे रांग लागलेली असताना तो मशीनचा मेसेज वाचणार आहे का? खिशातले डॉलर तर वाचावे लागत नाहीत.

सदर_स्टेशन:
खिशातले डॉलर चोर वाचते की भाऊ 😄 तसंही नोटा एका ट्रिपला ३,००० डॉलरच्या वर नेता येत नाहीत, बहुतेक देशांसाठी नियम तोच. आणि हॉटेलवाले चेकइनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम ब्लॉक करतात, भाड्याची गाडी घेतली तं बऱ्याच कंपन्या क्रेडिट कार्डच मागतात. तिथे फॉरेक्स कार्ड दिलं तं तुमचेच भरलेले पैसे अडकतात, सुटायला कधी आठवडा लागतो. शून्य मार्कअपची कार्डं आता मिळतात, काही तं एफडीवर, पगाराची स्लिप पण मागत नाहीत. ते एक घ्या अन् हा वाद सोडा.

खामल्याचा_खवय्या:
शून्य मार्कअपवर पण जपून हो, अटी बदलत राहतात, निघायच्या आधी चार्जेसचं पान पुन्हा पाहून घ्या. अन् आंतरराष्ट्रीय वापर अॅपमधून चालू करून ठेवा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर तो बंदच येतो, सोनेगावहून विमान उडाल्यावर आठवलं तं ओटीपी यायला तिकडे सिम चालू पाहिजे.

महालची_मावशी:
इतकं सगळं करण्यापेक्षा पचमढीला जा की.

बर्डीवाला:
मावशी, तिथेही हॉटेलवाला कार्ड दिलं की दोन टक्के जास्तीचे मागतो. मी कॅशच देतो.