पाच वर्षांच्या मुलीसाठी पहिला पाळीव प्राणी कोणता घ्यावा?

प्रश्न: कोथरूडला दोन बीएचके, आम्ही दोघं नोकरीला, दिवसा आजी घरी. मुलीने पोपटाचा हट्ट धरलाय. दुकानदार म्हणतो, कासव न्या, काही करावं लागत नाही. नाहीतर बाउल आणि दोन गोल्डफिश. काय घ्यावं?

उत्तर १: पोपट बाद. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. दुकानातलं लाल कानाचं पिटुकलं कासव विदेशी. पुढे ते जेवणाच्या ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, अंगावर साल्मोनेला (जुलाब लावणारा जिवाणू) असू शकतो आणि लहान मुलांचा हात सारखा तोंडात. ‘काही करावं लागत नाही’ म्हणे!

मासेच घ्या, पण बाउल नको. गोल्डफिश वीतभर वाढतो. ४० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, पाच-सहा गप्पी (बोटाच्या पेराएवढे रंगीत मासे). सगळे नर घ्या. मादी आली की महिन्याकाठी पिल्लं. सोसायटीत बोअरचं पाणी असेल तरी गप्पीला ते मानवतं.

उत्तर २: वरच्यात एक भर: टाकी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मासे टाकू नका. पाणी स्वच्छ दिसतं, पण विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये अजून वाढलेले नसतात, आणि आठवड्याभरात मासे मरतात. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारे थेंब) घाला, फिल्टर चालू करा, रिकाम्या टाकीतच रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा; ते कुजून अमोनिया सुटतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. चार ते सहा आठवड्यांत पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून आधी बनवतात ते, तेही विषारीच) दोन्ही शून्य आले, की पाव टाकी पाणी बदलून आधी दोनच मासे सोडा.

पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. काढलेल्या पाण्यातच पिळा. डिसेंबर-जानेवारीत ५० वॅटचा हीटर २५ अंशांवर ठेवा. पाणी काढण्याआधी तो बंद करून दहा मिनिटं थांबा, नाहीतर त्याची काच तडकते.

प्रश्नकर्ती: टाकी चपलांच्या रॅकवर ठेवली तर चालेल?

उत्तर २: नाही. पाणीच ४० किलो, वर काच आणि वाळू. भक्कम स्टँड घ्या, खाली थर्माकोल घाला. खाद्याचा डबा आजींकडे. मुलीने सकाळी एक चिमूट टाकायची, दोन मिनिटांत संपेल एवढीच. मासे काचेशी येऊन तोंड उघडतात, ती भूक नव्हे, सवय.