जिल्हा परिषदेची शाळा आणि गाव : तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं?

आमची शाळा द्विशिक्षकी, पट विसाच्या आत. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायची टूम सरकारने काढली, तेव्हापासून गावात धास्ती आहे. पण ग्रामसभेत चर्चा कशावर रंगते? भिंतींच्या रंगावर! दुसरे शिक्षक कधी येणार, हे कोणी विचारतच नाही. म्हणून हा धागा. गावाने काय केलं की शाळेला खरंच उपयोग होतो? भाषणं नकोत, घडलेलं लिहा.

समिती सदस्य, गेवराईकडची
शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असं कायद्यातच आहे. आमच्यात बाया सहीपुरत्याच होत्या. मग आलं हंगामी वसतिगृहाचं काम. दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव ऊसतोडीला जातं. पोरं संगं गेली की शाळा सुटली, मार्च-एप्रिलपर्यंत फडावरच. वसतिगृह म्हणजे पोरं रात्री आजी-आजोबांकडं राहतात आणि जेवायला शाळेत येतात. मुकादमाची उचल, म्हणजे तोडीचे आगाऊ पैसे, घ्यायच्या टायमालाच आम्ही घरोघर जातो. "आजी थकली, कोण बघणार?" हे ठरलेलं उत्तर. त्यावर शेजारीण जबाबदारी घेते असं तिथंच, तिच्याच तोंडून वदवून घेतो. बारक्याला सांभाळायला मोठी पोरगी न्यायची म्हणतात, तिथं सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं. अनुदान कायम उशिरा. तोवर किराणा उधारीवर, आणि दुकानदार गावातलाच म्हणून निभतं.

चाकरमानी, मूळ राजापूर
आमच्या मुंबई मंडळाने हौसेने मोठा टीव्ही दिला. फोटो काढले, फीत कापली. मग वीजबिल थकलं आणि मीटर काढून नेला. गेल्या गणपतीत बैठक झाली, त्यात ठरलं की आता वस्तू द्यायची नाही. मंडळ फक्त वीजबिल भरतं आणि वरच्या वाडीतून मुलांना आणणाऱ्या रिक्षाचं भाडं देतं. ह्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, त्यामुळे वर्गणी जमवताना खजिनदाराच्या नाकी नऊ येतात. पण पावसात वरची वाडी शाळेत येते.

निवृत्त गुरुजी
राजापूरकर, अगदी बरोबर. तिसापर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार. त्यात खडू, वीज, दुरुस्ती, सगळं. उरलेल्यासाठी वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन फिरायचं शिक्षकांनीच. मी तेच केलं, आणि तेवढा वेळ वर्ग वाऱ्यावर. जनगणना, निवडणूक, आपत्ती ही कामं कायद्याने लावता येतात, ती टळत नाहीत. निदान गावाने तरी मास्तरला वर्गाबाहेर काढू नये. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेला २०२५ मध्ये जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळ्यांनी हार-तुरे पाहिले. तिथे मुलंच एकमेकांना विषय शिकवतात, 'विषय मित्र' म्हणून. ते उचला की! त्याला रुपया लागत नाही.

स्पष्टवक्ता
आमच्या सरपंचांची नातवंडं पिवळ्या बसने तालुक्याला जातात. पुढे लिहायची गरज नाही.

एक आई, बार्शी तालुका
मी मुलीला त्याच पिवळ्या बसमधून काढून गावच्या शाळेत घातलं. सासूबाई वर्षभर बोलत होत्या. तिसरीत पाढे आणि वाचन सुधारलं, पण इंग्रजी बोलण्यात मागे पडली, हेही खरं. गणवेशाचा अनुभव सांगते. २०२४ मध्ये सगळ्या राज्याला एकच कापड आलं. गणवेश शिवून आले तेव्हा पाऊसकाळ सरला होता, आणि हिच्या बाह्या कोपराखाली लोंबत होत्या. पुढच्या वर्षी काम परत समितीकडे आलं. गावातल्या शिंप्याने शाळेत येऊन एकेकाचं माप घेतलं. वाढत्या अंगाचं म्हणून आत दोन बोटं कापड ठेवायला आम्ही बजावलं होतं.

गेवराईकडची
गुरुजी, वर्गणीचं काम शिक्षकांकडून काढलं तर हिशेब कोणी ठेवायचा? आमच्याकडं समितीवर गावाचा विश्वास नाही, मास्तरवर आहे.

निवृत्त गुरुजी
ताई, खातं समितीच्या नावाने असतंच. महिन्याचा खर्च फळ्यावर लिहा आणि ग्रामसभेत वाचा. बचत गटाच्या बायांना हिशेब शिकवावा लागत नाही.

धागाकर्ता
राजापूरकर, रिक्षावाल्याशी काही लेखी केलंय का? पावसाळ्यात तो आलाच नाही तर काय करता? आमच्याही दोन वस्त्या ओढ्यापलीकडे आहेत, येत्या ग्रामसभेत हाच विषय मांडायचाय. भाडं महिन्याला देता की फेरीला, तेवढं कळवा.