मदत हवी आहे: सफरचंदाच्या गोड तळलेल्या चकत्यांचं आवरण सुटतं, मऊ पडतं

सफरचंदाच्या गोल चकत्या गोड पिठात बुडवून तळायच्या आहेत. आवरण कुरकुरीत, आतलं सफरचंद मऊ पण आकार धरून असलेलं आणि वरून दालचिनी-साखर, असा प्रकार हवा आहे. सध्याची कृती अशी:

मध्यम आकाराची ३ सफरचंदं, साल आणि बिया काढून, साधारण १ सेंमी जाडीच्या चकत्या. त्यांना २ टेबलस्पून साखर आणि दालचिनीची पूड चोळून अर्धा तास बाजूला ठेवायच्या. पिठासाठी १ कप मैदा, पाऊण कप दूध, ३ टेबलस्पून साखर, अर्धा टीस्पून खायचा सोडा, चिमूटभर मीठ. तळण मध्यम आंचेवर.

अडचणी:
१. उलटताना आवरण चकतीपासून सुटून अख्खं झाऱ्यावर येतं.
२. दोन मिनिटांच्या आत गडद रंग येतो, आत सफरचंद कचकचीत राहतं.
३. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत सगळं मऊ पडतं.
४. खाल्ल्यावर जिभेवर साबणासारखी चव मागे राहते.

अंडं घालायचं नाही. तेलाचा थर्मामीटर नाही, अगदीच गरज असेल तर घेईन. नेमकं काय बदलावं?

—

मंद_आंच

तुमच्या चारपैकी दोन अडचणींचं मूळ पाण्यात आहे आणि दोन सोडा-साखरेत. आधी पाण्याचं बघू.

सफरचंदात वजनाच्या साधारण ८५ टक्के पाणी असतं. चकतीला साखर चोळून ठेवली की ते पाणी बाहेर ओढलं जातं आणि अर्ध्या तासात ताटलीत रस साचतो. अशी ओली चकती पिठात बुडवली की सफरचंद आणि पीठ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. गरम तेलात त्याची वाफ होते आणि ती आवरणाला आतून ढकलते. पीठ चिकटायच्या आधीच सुटलेलं असतं, झारा फक्त ते उघडं पाडतो. म्हणून आधी साखर लावणं पूर्ण बंद करा. गोडवा वरून येऊ द्या.

क्रम असा ठेवा. चकत्या ६ ते ८ मिमी जाडीच्या. काळ्या पडू नयेत म्हणून अर्धा लिटर पाण्यात १ टेबलस्पून लिंबाचा रस घालून त्यात पाचेक मिनिटं, जास्त नाही. मग स्वच्छ सुती कापडावर पसरून दोन्ही बाजू नीट टिपून घ्या, मधल्या भोकाची कडही. त्यानंतर कोरड्या कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून जास्तीचं झटकून टाका. हे कोरडं पीठ उरलेली ओल शोषतं आणि वरच्या पिठाला धरायला खडबडीत पृष्ठभाग देतं. ही पायरी वगळलीत तर बाकी सगळं अचूक करूनही आवरण सुटेल. घोळवलेली चकती लगेच पिठात आणि तिथून थेट तेलात गेली पाहिजे. घोळवून ठेवून दिली की कॉर्नफ्लॉवरचा चिकट लगदा होतो.

आता सोडा. खायच्या सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं. दुधात ते पुरेसं नाही, त्यामुळे सोडा तसाच शिल्लक राहतो. साबणासारखी चव त्याचीच. शिवाय पीठ अल्कधर्मी झालं की रंग फार लवकर चढतो, त्यात ३ टेबलस्पून साखर म्हणजे दुहेरी घाई. बाहेर काळपट आणि आत कच्चं, ते यामुळे.

पिठाचं प्रमाण (साधारण १२ ते १५ चकत्यांना पुरतं):
मैदा १०० ग्रॅम
कॉर्नफ्लॉवर ३० ग्रॅम, घोळवायला वेगळं
बेकिंग पावडर १ सपाट टीस्पून
साखर १ टेबलस्पून, यापेक्षा जास्त नको
मीठ पाव टीस्पून
फ्रिजमधलं गार सोडा वॉटर (बिनगोडाचं) १४० ते १६० मिली

कोरडं सगळं एकत्र चाळून घ्या. तेल तापत आलं की मगच सोडा वॉटर घाला आणि काट्याने दहा-बारा वेळा फिरवून थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. घोटत बसलात तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि आवरण चिवट होतं. पळी बुडवून तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ लगेच बुजली तर पीठ सैल आहे, चमचाभर मैदा वाढवा. पीठ पळीला धरून अजिबात खाली ओघळत नसेल तर जाड आहे. कालवलेलं पीठ १५-२० मिनिटांत संपवायचं, त्यापुढे बुडबुडे निघून जातात.

तळण: तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअस, खोली किमान ५ सेंमी, पण कढई निम्म्याच्या वर भरायची नाही. २४ सेंमीच्या कढईत एका घाण्याला ४, फार तर ५ चकत्या. गार पीठ पडल्यावर तापमान खाली येतं, म्हणून पहिला घाणा १८५ ला सोडला तरी चालतो. एका बाजूने दीड-दोन मिनिटं, मग एकदाच उलटायचं. वरची बाजू ओली दिसत असताना झारा लावू नका, पीठ बसलेलं नसतं.

—

पीठपाणी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त 'मध्यम आंच' हा शब्द कृतीतून काढून टाका. आंच गॅसची असते आणि तळण तेलाच्या तापमानावर होतं. तीच मध्यम आंच पहिल्या घाण्याला १५५ देते आणि मधे थांबलात तर २०० च्या पुढे नेते. १६० च्या खाली आवरण बसायला वेळ लागतो आणि तोवर ते तेल पितं. १९० च्या वर रंग आधी, शिजणं नंतर.

थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघा. तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे. जेमतेम खाली जाऊन एक-दोन सेकंदांत सळसळत वर आला की चकत्या सोडा. पडताक्षणी तांबूस झाला तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. ही चाचणी प्रत्येक घाण्याआधी करायची, एकदाच नाही. तरीही माझं मत, थर्मामीटर घ्या. गोड पिठात चुकायला जागा फार कमी असते.

कॉर्नफ्लॉवरऐवजी तांदळाची पिठी तेवढीच घेतली तर आवरण किंचित जाडसर आणि जास्त कडक होतं. दोन्हींत ग्लुटेन नाही, म्हणून दोन्ही कुरकुरीतपणा वाढवतात. कडकडीत तेलाचं मोहन मात्र या पिठात घालू नका. उष्णतेने बेकिंग पावडर भांड्यातच फुलून जाते आणि मोहन थोडं जास्त झालं तर आवरण तेलात विरतं.

—

आंबटगोड

सफरचंदाचा प्रकार कुणी विचारला नाही, तो निम्मा खेळ आहे. टणक आणि आंबटसर सफरचंद हवं. ग्रॅनी स्मिथ सगळ्यात भरवशाचं, शिजूनही आकार धरतं आणि त्याचा आंबटपणा वरच्या साखरेला तोलतो. गोल्डन डिलिशियस, ब्रेबर्न आणि हनीक्रिस्पही चालतात. फुजी आणि गाला टणक असतील तर घ्या, पण ती गोड आहेत, पिठातली साखर निम्मी करा. रेड डिलिशियस तळल्यावर भुसभुशीत लागतं आणि मॅकिंटॉशचा तर गरगट होतो.

प्रकार कुठलाही असो, बोटाने दाबल्यावर दबणारं फळ यासाठी नको.

जाडीबद्दल: १ सेंमी चकती टणक सफरचंदाची असेल तर चार मिनिटांत आत पूर्ण शिजत नाही. ५ मिमीच्या खाली गेलात तर सफरचंदाची चव पिठात हरवते. ७ मिमी धरा. सगळ्या चकत्या सारख्या जाडीच्या असणं त्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचं, नाहीतर एकाच घाण्यातली एक कच्ची आणि एक गळालेली निघते.

—

मंद_आंच

तिसरी अडचण राहिली होती, मऊ पडण्याची. तळून काढल्यावरही सफरचंदातून वाफ येत राहते. चकत्या कागदावर एकमेकींवर रचल्या की खालच्या बाजूला ती वाफ अडकते आणि आवरण भिजतं. तारेच्या जाळीवर सुट्या ठेवा, जाळीखाली ताट, म्हणजे हवा खालूनही खेळेल. झाकण अजिबात नको, डबा तर नकोच.

दालचिनी-साखर (१०० ग्रॅम साधी साखर, २ टीस्पून दालचिनी पूड, चिमूट मीठ) चकती बाहेर काढल्यावर मिनिटभराच्या आत लावा. तेलाची पातळ ओल असेपर्यंतच साखर धरते. पिठीसाखर गरम चकतीवर विरघळून चिकट होते, ती हवी असेल तर कोमट झाल्यावर भुरभुरवा. साखर हवेतलं आणि सफरचंदातलं पाणी ओढत राहते, म्हणून लगेच खायच्या तेवढ्याच घोळवाव्यात.

दालचिनी पिठात घालू नका. पिठातली पूड तेलात सुटते, जळते आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला कडवट करते.

—

प्रश्नकर्ती

खूप आभार सगळ्यांचे. सोडा आणि आधीची साखर बंद, थर्मामीटर घेते. याच संदर्भात आणखी विचारते: बारीक फोडी पिठात मिसळून जे जाडसर, ओबडधोबड गोड वडे करतात आणि वरून साखरेचा पातळ लेप देतात, त्याला हेच पीठ चालेल का? शिवाय हे सगळं एअर फ्रायरमध्ये होईल का?

—

पीठपाणी

एअर फ्रायरमध्ये चकत्यांचं सरसरीत पीठ चालणार नाही. पीठ बसायच्या आधीच जाळीतून गळतं. फोडींचं घट्ट पीठ बेकिंग पेपरवर घालून जमतं, पण तो भाजलेला प्रकार होतो, तळलेल्याचं आवरण त्याला येत नाही.

—

आंबटगोड

फोडींच्या वड्यांना वेगळं पीठ लागतं. चकतीचं पीठ पातळ असतं, त्यात फोडी तळाशी बसतील आणि वडा तेलात फुटेल.

२५० ग्रॅम सफरचंद (साल-बिया काढल्यानंतरचं वजन), १ सेंमीच्या फोडी. त्या १ टेबलस्पून लोणी, १ टेबलस्पून साखर आणि १ टीस्पून दालचिनी घालून मोठ्या आंचेवर ४-५ मिनिटं परता. पॅनमधला रस आटून फोडी चकचकीत दिसल्या की ताटात पसरून पूर्ण गार करा. इथे साखर आधी घालतो, कारण इथे पाणी मुद्दाम बाहेर काढून उडवायचं असतं. कच्च्या फोडी घातल्या तर प्रत्येक फोडीभोवती कच्च्या पिठाचं ओलं कडं राहतं. हे वडे बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

पीठ: मैदा १८० ग्रॅम, बेकिंग पावडर १ टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ पाव टीस्पून, साखर ४० ग्रॅम. यात १०० ग्रॅम आंबटसर दही आणि ५० ते ६० मिली दूध. इथे दही आहे म्हणून सोडा चालतो, त्याची चव मागे राहत नाही. चमच्यातून आपोआप न पडता, हलकं झटकल्यावर पडेल इतकं घट्ट ठेवा. गार फोडी शेवटी हलक्या हाताने मिसळा. साधारण १२ वडे होतात.

गोळे करू नका. चमच्याने तेलात सोडून लगेच चमच्याच्या पाठीने दाबून जाडी दीड सेंमीपर्यंत आणा. गोल गोळ्याचा मध्य शिजेपर्यंत बाहेरची बाजू करपते. तेल १७० ते १७५, एकेका बाजूने अडीच ते तीन मिनिटं. पहिला वडा मोडून बघा. थर्मामीटर घेताच आहात, तर मधोमध ९५ अंशांच्या आसपास आलं की झालं.

लेप: १५० ग्रॅम पिठीसाखर, २ टेबलस्पून दूध, चिमूट मीठ. लागलं तर आणखी दूध, पण अर्धा-अर्धा टीस्पून. वडा तळून ३-४ मिनिटांनी बुडवा. कढईतून काढल्या-काढल्या बुडवला तर लेप पातळ होऊन ओघळून जातो. पूर्ण गार झाल्यावर बुडवला तर जाड थर बसतो आणि तो खाताना पापुद्र्यासारखा सुटतो. बुडवल्यावर जाळीवर १५ मिनिटं सुकू द्या.

कुणी यीस्टचं पीठ वापरणार असेल तर दालचिनी पिठात न मिसळता फक्त फोडींना लावा. दालचिनीतला तेलकट अंश यीस्टची वाढ मंदावतो आणि पीठ फुगायला नेहमीपेक्षा खूप वेळ घेतं.

—

मंद_आंच

तेलाबद्दल थोडं, कारण वर कुणी लिहिलं नाही. रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाण्याचं घ्या, वास नसलेलं. दोन घाण्यांच्या मध्ये बारीक जाळीने पिठाचे कण काढत राहा, ते काळे झाले की त्यांचा कडवटपणा तेलात उतरतो. गार झाल्यावर गाळून ठेवलेलं तेल आणखी एक-दोनदा चालतं. रंग गडद झाला, फेस येऊ लागला किंवा कमी तापमानालाच धूर निघाला तर टाकून द्या.

ओली चकती तेलात टाकली तर तेल उडतं, टिपून घेण्याचं हेही कारण आहे. चकती वरून टाकू नका, तेलाच्या पृष्ठभागाजवळ नेऊन आपल्यापासून दूरच्या दिशेला सोडा. घट्ट बसणारं झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलं तर गॅस बंद, झाकण वर, आणि पाणी कधीच नाही.

—

प्रश्नकर्ती

शेवटचं विचारते. पाहुण्यांसाठी करायचं असेल तर आधीपासून काय काय तयार ठेवता येईल?

—

पीठपाणी

फोडी परतून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. कोरडं पीठ चाळून डब्यात आधीच ठेवा. दालचिनी-साखरही तशीच. चकत्या कापणं आणि ओलं पीठ कालवणं मात्र त्याच वेळी. तळून ठेवायच्याच असतील तर साखर न लावता ठेवा आणि ओव्हनमध्ये १८० अंशांवर जाळीवर ५-६ मिनिटं गरम करा. कुरकुरीतपणा बराचसा परत येतो, पण ओव्हनमध्ये वरची तेलाची ओल सुकते. तेव्हा वितळलेल्या लोण्याचा हलका हात फिरवून मग साखरेत घोळवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, आवरण लिबलिबीत होतं.