खान्देशची आठवणनोट काढायची तर चित्र कोणतं घ्यावं?

बोरीकाठची, अमळनेर
भाचा जर्मनीत शिकतो. यंदा दिवाळीला आला तेव्हा त्याने एक जांभळट नोट आणली. आकडा शून्य, पुढे युरो. कार्ल मार्क्सच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये त्याच्या जन्मगावी, ट्रिअरला, काढलेली. कागद खऱ्या नोटेचा, जलचिन्ह आहे, क्रमांक आहे, पण दुकानात चालत नाही. तरी लोकांनी ३ युरो मोजून ती घेतली, आपल्या गावाचं नाव त्यावर आहे म्हणून.

मी सातवीला इतिहास शिकवते. नोट वर्गात फिरवली, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आपली खान्देशनी नोट कशी राही?" तो प्रश्न डोक्यातून जाईना. शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही तशी नोट काढतो आहोत. मुलांनी केळी आणि भरताची वांगी सुचवली. दोन्ही आपलीच, पण मला त्यांना इथला इतिहास आणि इथली भूमी दाखवायची आहे. पुढे एक चित्र, मागे एक. तुम्ही काय घ्याल?

मोहोरवेडा, भुसावळ
ताई, खान्देशवर नाणं एकदा निघालेलं आहे. अकबराने जानेवारी १६०१ मध्ये खान्देशच्या फारुकी सुलतानांचा असीरगड घेतला आणि त्या विजयाची सोन्याची मोहोर पाडली. एका बाजूला ससाणा, दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं नाव असीर. मोगल नाण्यांत इतकी देखणी मोहोर मला दुसरी माहीत नाही. फोटो पाहूनसुद्धा अंगावर काटा येतो.

तरीही ती मी घेणार नाही. ती जिंकणाऱ्याची आहे. गड सोडावा लागलेला शेवटचा सुलतान बहादूरशाह फारुकी ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. अकबराने मुलगा दानियाल याच्या नावावरून मुलखाचं नाव 'दानदेश' केलं, ते लोकांच्या तोंडी बसलं नाही. तुम्ही थाळनेर घ्या. फारुकींची पहिली राजधानी, बुऱ्हाणपूरच्याही आधीची. तापीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष आहेत, गावात फारुकींच्या घुमटाच्या कबरी आहेत. नदी आणि राज्य एकाच चित्रात येतं.

केळीबाग, यावल
थाळनेर पुढे असू द्या, पण मागे फैजपूर हवंच. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. चित्रकार नंदलाल बोस यांनी सगळी सजावट बांबूसारख्या गावच्याच सामानाने केली होती. माझे आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. त्यांनी बांबू वाहून नेले होते. म्हातारपणी कुठेही बांबू दिसला की हात लावून बघायचे आणि म्हणायचे, "असा सरळ निवडायचो आम्ही."

अधिवेशनाची बांबूची कमान काढा, मागे सातपुड्याची रेघ काढा. केळी हवीच असेल तर कोपऱ्यात एक घड. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेवढा मान तिला द्या.

जुना रोखपाल, धुळे
मॅडम, एक काळजी घ्या. चलनी नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. रिझर्व्ह बँकेचं नाव नको, गांधीजींचं चित्र नको, रुपयाचं चिन्हही नको. आकार वहीच्या पानाएवढा ठेवा, म्हणजे कुणाचा गैरसमज होणार नाही.

आणि भाच्याची नोट लॅमिनेट करू नका. मी माझी एक जुनी नोट तशी केली आणि तिची संग्राहकाकडची किंमत गेली. पीव्हीसीच्या पिशवीतही ठेवू नका. मायलरच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरच्या, पाकिटात सपाट ठेवा, घडी नको.

बोरीकाठची, अमळनेर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात असीरगडच्या ससाण्याची गोष्ट सांगितली. दानदेश नाव ऐकून मुलं संतापली. पुढे थाळनेर, मागे फैजपूरची कमान, असं ठरलं. केळीचा घडही घेतला, त्यावाचून कुणी ऐकायला तयार नव्हतं. क्रमांकाच्या जागी प्रत्येकजण आपला हजेरी क्रमांक लिहिणार आहे.

यावलच्या दादा, तुमच्या आजोबांचं वाक्य मुलांना वाचून दाखवलं. चालणार असेल तर कमानीखाली बारा वर्षांचा एक मुलगा बांबू धरून काढतो. आणि शिरपूरकडचं कुणी इथे असेल, तर थाळनेरचा किल्ला नदीच्या बाजूने कसा दिसतो, त्याचा एक फोटो शुक्रवारपर्यंत टाकाल का? माझ्याकडचे सगळे गावाच्या बाजूने काढलेले आहेत, त्यात तापी येतच नाही.