स्पिट खाडीचं तोंड बंद का करत नाही? वाळूचे दांडे, कोकण आणि वर्गातला ट्रे

भूगोल_कर्वेनगर

नमस्कार. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. लाटांचं संचयन शिकवताना मुलं नेमकं जे विचारतात त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात मिळत नाही. किनारा आत वळला की लाटेचा जोर कमी होतो आणि वाळू साचते, एवढंच तिथे असतं. मग ती वाळू वळून उपसागरात का जात नाही? दांडा (स्पिट) सरळ पुढे खोल पाण्यात का वाढतो, आणि टोकाशी आत का वळतो?

दुसरं, कोकणात इतक्या खाड्या आहेत, बऱ्याच मुखांशी एका बाजूने वाळूची जीभ आलेली दिसते. तरी ओडिशातल्या चिलिका किंवा केरळातल्या वेंबनाडसारखं मोठं खाजण (वाळूच्या पट्ट्यामागे अडलेलं सरोवर) तिथे का नाही?

वर्गात ट्रेमध्ये प्रयोग करतो तेव्हा वाळूवर नुसत्या तरंगखुणा उठतात, दांडा काही तयार होत नाही. नेमकी मापं कोणी सांगेल का? डिसेंबरात मुलांना मालवणजवळच्या देवबागला न्यायचा विचार आहे, तिथे काय दाखवावं तेही सांगा.

---

लाट_आणि_गाळ

मॅडम, सुरुवात वाळू कुठून चालते इथून करा. तिरकी आलेली लाट पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) तिरकी चढते, परतताना पाणी उतारावरून सरळ खाली येतं, आणि कण नागमोडी सरकत जातो. आकृतीत हे छान दिसतं, पण बरीचशी वाळू याच्या बाहेर, लाटा फुटतात त्या पट्ट्यात वाहते. फुटणारी लाट तळ ढवळते आणि किनाऱ्याला समांतर प्रवाह ती ढवळलेली वाळू पुढे नेतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की लाट फुटते. म्हणजे १ मीटरची लाट सव्वा-दीड मीटर पाण्यात फुटेल. त्याच्या पलीकडे किनाऱ्यालगतचं वहन झपाट्याने कमी होतं. थोडक्यात, वाळूचा रस्ता अरुंद आणि उथळ असतो.

आता किनारा अचानक आत वळला. कोपऱ्यापलीकडे पाणी खोल, तिथे लाट फुटत नाही, समांतर प्रवाह उरत नाही, आणि वाळू कोपऱ्यालगतच पाण्याखाली साचते. तो उंचवटा वाढत वाढत इतका उथळ होतो की आता लाटा त्याच्यावर फुटू लागतात. फुटल्या की प्रवाह पुन्हा सुरू, आणि मागून येणारी वाळू त्या उंचवट्यावरून पुढे सरकून त्याच्या टोकाशी पडते. दांडा स्वतःचा रस्ता स्वतः बांधत जातो. लाटांची मुख्य दिशा बदललेली नसते, म्हणून तो मूळ किनाऱ्याच्याच रोखाने वाढतो. आतला भाग लाटांच्या आडोशाला असल्यामुळे तिकडे वाळू नेणारी ताकदच नसते.

टोकाशी मात्र लाट वाकते. उथळ बाजूला ती मंदावते, खोल बाजूला वेगात राहते, त्यामुळे तिची रेघ टोकाभोवती फिरून आतल्या अंगाला जाते आणि थोडी वाळू सोबत नेते. तिथून आकडा तयार होतो. वर्षातले काही महिने दुसऱ्या दिशेने लाटा येत असतील तर तो आणखी ठळक होतो. पुढे दांडा लांबला तरी जुने आकडे आतल्या बाजूला फासळ्यांसारखे टिकतात, आणि त्यावरून टोक पूर्वी कुठे होतं ते वाचता येतं.

मुलांकडून एक हिशेब जरूर करून घ्या. समजा किनाऱ्याने वर्षाला ५०,००० घनमीटर वाळू येते, दांड्याची रुंदी १०० मीटर, पुढचं पाणी ५ मीटर खोल आणि दांडा पाण्यावर २ मीटर. प्रत्येक मीटर लांबीला १०० × ७ = ७०० घनमीटर वाळू लागेल, म्हणजे वाढ वर्षाला सुमारे ७१ मीटर. तेवढीच वाळू असताना पुढे पाणी १० मीटर खोल असेल तर १,२०० घनमीटर लागतात आणि वाढ ४२ मीटरवर येते. पाण्याखालच्या उतारामुळे पाया रुंद होतो, तो धरला तर आणखी कमी. वाळू तितकीच येऊनही दांडे खोल पाण्यापाशी का रेंगाळतात, ते या दोन ओळींत कळतं.

पुरवठा तोडला की काय होतं त्याचं उदाहरण चेन्नईत आहे. पूर्व किनाऱ्यावर वाळूचं निव्वळ वहन उत्तरेकडे. एकोणिसाव्या शतकात बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, वाळू दक्षिणेला अडली आणि मरीना रुंद झाली. उत्तरेला रोयापुरमची बाजू खचत गेली.

आणखी एक. उपसागराच्या मुखावरचा बार (वाळूचा बांध) आणि किनाऱ्यापासून दूर पाण्याखालचा बार एकाच आकृतीत दाखवू नका. पहिला म्हणजे समोरच्या काठाला टेकलेला स्पिट. दुसरा वादळी, उंच आणि तीव्र लाटांनी पुळणीची वाळू ओढून फुटण्याच्या रेषेपाशी टाकल्यामुळे होतो. शांत हंगामात त्यातली बरीच वाळू परत पुळणीवर येते. मे आणि ऑक्टोबरमध्ये एकाच पुळणीचा उतार मोजला तर हा फरक हातात येतो.

---

उधाण_भांग

कोकणाबद्दल लिहितो. इथे दांड्याला समोरून अडवते ती भरती-ओहोटी.

समजा खाडीचं क्षेत्र १० चौरस किमी आणि भरती-ओहोटीतला फरक २ मीटर. प्रत्येक ओहोटीला २ कोटी घनमीटर पाणी मुखातून बाहेर पडणार, तेही सव्वासहा तासांत. सरासरी धरली तर सेकंदाला ९०० घनमीटर, आणि मधल्या तासांत त्याहून जास्त. हा एखाद्या मध्यम नदीच्या पुराएवढा प्रवाह आहे आणि तो दिवसातून दोनदा चालतो. मुखातला वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास पोचत राहिला तर वाळू तिथे ठरत नाही. दांडा पुढे सरकून मुख अरुंद करतो, वेग वाढतो, तळ खरवडला जातो आणि दांड्याचं टोक तिथेच अडतं. म्हणून मुखाचा आकार खाडीत शिरणाऱ्या-निघणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात ठरतो. ओहोटीने बाहेर नेलेली वाळू मुखाबाहेर पाण्याखाली पसरते आणि मच्छीमारांच्या होड्यांना आत-बाहेर करताना तीच नडते.

मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या पुढे जातो. दक्षिणेकडे तो घटत जातो, मालवणच्या बाजूला साधारण २ मीटर, कोचीला १ मीटरच्या आसपास. नकाशावर हे आकडे मांडून त्याशेजारी खाड्या आणि कायल (केरळातली खाजणं) दाखवा. वर उघड्या खाड्या, खाली केरळात वाळूच्या लांब पट्ट्यामागे पसरलेलं वेंबनाड. तिथली काही लहान कायलं कोरड्या महिन्यांत वाळूने बंद होतात आणि पावसाच्या पाण्याने फुटतात.

भरती एकटीच कारण नाही. कोकणच्या नद्या आखूड, आणि किनाऱ्यावर दर थोड्या अंतराने जांभ्याचं किंवा बेसॉल्टचं भूशिर समुद्रात घुसलेलं. त्यामुळे वाळू आपापल्या कोनाड्यातच फिरते, शेकडो किमी सलग वाहत नाही. पूर्व किनाऱ्यावर महानदी, कृष्णा, गोदावरीचा गाळ आणि सलग सरळ किनारा, म्हणून चिलिका आणि पुलिकत.

चिलिकाचं उदाहरण जरा सविस्तर घ्या. तिथे स्पिट ईशान्येकडे लांबत गेला, मुख दूर सरकलं, समुद्राला जोडणारी वाट लांब आणि उथळ झाली. भरतीचं पाणी आत पोचेना, खारटपणा घटला, मासळी कमी झाली. सप्टेंबर २००० मध्ये दांडा कापून सरोवराच्या जवळ नवं मुख उघडलं. पाण्याचा खारटपणा आणि मासळी सुधारली आणि २००२ मध्ये धोक्यातल्या रामसर पाणथळींच्या (आंतरराष्ट्रीय कराराखालच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) माँट्रो यादीतून चिलिकाचं नाव निघालं.

---

प्रयोगवही

ट्रेबद्दल. नुसत्या तरंगखुणा उठतात त्याचं कारण बहुधा दोनपैकी एक असतं: लाट किनाऱ्याला समोरून येते, किंवा पलीकडच्या भिंतीवरून परतून तिच्यातच मिसळते.

ट्रे किमान १२० × ६० सेंमी आणि १२ सेंमी खोल हवा. पुण्यात बोहरी आळीत पत्र्याचा करून मिळतो. बांधकामाची क्रश सँड तशीच घेऊ नका, तिच्यातल्या भुकटीने पाणी गढूळ होतं. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील तेवढीच वाळू घ्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. लांब बाजूला १ : ६ उताराची पुळण करा. लांबीच्या दोन-तृतीयांशावर तिला काटकोनात आत वळवा, तिथे उपसागर. पाणी ५ सेंमी.

लाटेसाठी ३० सेंमी रुंद फळी, पुळणीशी साधारण ३० अंशांचा कोन करून. मोबाइलवर मेट्रोनोम (ठेका देणारं ॲप) मिनिटाला १५० ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोक्याला एकदा हलवा. लाटेची लांबी २० ते २५ सेंमी येते. उंची १ सेंमीच्या वर नको, नाहीतर पुळणच खरवडली जाते. समोरच्या भिंतींना काथ्याचा जाड थर लावा. लाटा नीट मरतात.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती वाळूची भर. दर ५ मिनिटांनी वरच्या टोकाला मूठभर वाळू टाकली नाही तर पुळण झिजते आणि कोपऱ्यापर्यंत काही पोचत नाही. कण कुठून कुठे गेला हे दाखवायला मत्स्यालयाची रंगीत वाळू टाका. रांगोळी नको, तिची पूड तरंगत राहते आणि रंग सुटतो. अर्ध्या तासाच्या आसपास कोपऱ्यापुढे आधी पाण्याखाली जीभ दिसते, वरच्या उत्तरात म्हटलंय तशीच. तेव्हा फळीचा कोन बदलून पाहा, टोक आत वळू लागतं.

---

भूगोल_कर्वेनगर

काथ्या आणि वाळूची भर, दोन्ही आम्ही करत नव्हतो. खूप आभार. देवबागला जाण्याआधी वर्गात जुने आणि नवे उपग्रह फोटो शेजारी ठेवून दांड्याची लांबी मोजली तर चालेल का?

---

नकाशा_पाषाण

चालेल, पण पाण्याची कड मोजू नका. पुळणीचा उतार १ : ५० असेल तर पातळीतल्या १ मीटर फरकाने कड ५० मीटर सरकते. एक फोटो भरतीचा, दुसरा ओहोटीचा असला की नसलेली धूप किंवा वाढ दिसते. दोन्ही फोटोंत वनस्पतींची कड धरा. मर्यादवेल नेहमीच्या भरतीच्या वर वाढते, तिच्यामागे सुरू आणि माड. ही कड रोज हलत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाचे १० मीटरचे (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) फोटो २०१५ पासून मिळतात, लँडसॅटचे ३० मीटरचे १९८४ पासून. ३० मीटरच्या फोटोवर १५-२० मीटरचा बदल आढळला तर त्यावरून निष्कर्ष काढू नका.

देवबागला तारकर्लीकडून दक्षिणेला चालत गेलात तर पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी, दोन्ही जवळ राहतात. दोन्ही काठांची मूठभर वाळू घ्या आणि भिंगाखाली शेजारी ठेवा. समुद्राकडची एकसारख्या आकाराची आणि स्वच्छ, नदीकडची गाळमिश्रित, काळपट, बोटांना चिकटणारी. दांड्याच्या दोन बाजूंची ताकद किती वेगळी आहे ते मुलांना तिथेच कळेल. समुद्राकडे धूप थांबवायला टाकलेल्या दगडी बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांशी पुळणीची रुंदी टेपने मोजा.

वेळ ठरवायला तिथीची पाऊणपट करा. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला. पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा. उधाणाची ओहोटी असल्याने जास्तीत जास्त वाळू उघडी पडते. हा ठोकताळा मुंबईच्या वेळेचा आहे, मालवणची वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्या. संगमाच्या अगदी टोकावर मुलांना उभं करू नका. तिथली कड पाण्याखाली एकदम खोल उतरते, वाळू भुसभुशीत असते, आणि ओहोटीच्या मधल्या तासांत ओढ सगळ्यात जोरात असते. टोकापासून ३०-४० मीटर मागे थांबूनही समोरचा भोगव्याचा किनारा आणि मधला प्रवाह स्पष्ट दिसतो.