पहिला पेपर कुठे पाठवू? पैसे न भरता, पण कुणालाही वाचता येईल असा

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. विषय गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजनातल्या (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतल्या) मातीचा खारेपणा. दोन पावसाळे मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) गुडघाभर चिखलात उभं राहून नमुने काढले. मध्यंतरी एका जर्नलची मेल आली, "आदरणीय प्राध्यापक" अशी सुरुवात. मी प्राध्यापक नाही, तरी पेपर पाठवून बसले. चौथ्या दिवशी स्वीकृती, सोबत ₹9,500 चं बिल. परीक्षकांचा एक शब्द नाही. तिसऱ्या तक्त्यात दोन रकाने उलटे पडलेत हे मला नंतर दिसलं, त्यांना दिसलंच नाही. सरांनी सुचवलेलं जर्नल मोठ्या प्रकाशकाचं, पण तिथे ओपन अॅक्सेसचे (लेख सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवायचे) 3,000 डॉलरच्या वर सांगतात. एवढे कुठून आणू? आणि ज्यांच्या शेतात मी उतरले, त्यांनाही तो वाचता यावा असं मनापासून वाटतं.

ग्रंथपाल_फोंडा:
बाय, ते बिल भरू नकोस. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केलीस का? नसेल तर करू नकोस. आजच मेल करून पेपर मागे घे आणि मागे घेतल्याचं त्यांचं उत्तर जपून ठेव. एकच पेपर एका वेळी दोन ठिकाणी असणं कुणी चालवून घेत नाही.

सरांचं जर्नल मात्र सोडू नकोस. ते बहुधा हायब्रिड असेल, म्हणजे पैसे फक्त लेख खुला ठेवायचे. फॉर्ममध्ये वर्गणीचा पर्याय (वाचणारा पैसे भरतो तो) निवडलास तर सहसा काही भरावं लागत नाही. मग परीक्षणानंतर सुधारलेली तुझी स्वतःची वर्ड प्रत विद्यापीठाच्या किंवा विषयाच्या भांडारात (पेपर फुकट वाचता येतात अशा ऑनलाइन साठ्यात) ठेव. प्रकाशकाने छापलेली पीडीएफ नव्हे, गल्लत इथेच होते. ती प्रत खुली करायला कधी 6, कधी 12 महिने थांबावं लागतं. कुठल्या जर्नलला किती, ते ओपन पॉलिसी फाइंडर या साइटवर (जुनं नाव शेर्पा रोमियो) बघ. दोनापावलाच्या एनआयओचं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं) असं भांडार कितीतरी वर्षं चालू आहे, एकदा चाळून बघ.

साळावली:
यूजीसी-केअर यादीत (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नल्सच्या यादीत) नाव आहे का बघा, झालं.

ग्रंथपाल_फोंडा:
साळावलीबाब, ती यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. डीओएजेमध्ये (ओपन अॅक्सेस जर्नल्सच्या जागतिक सूचीत) जर्नल आहे का बघावं, पण नुसत्या नावावरही विसंबू नये. हिंदावी हे नावाजलेलं प्रकाशन, विली या मोठ्या प्रकाशकाने 2021 मध्ये विकत घेतलं, आणि 2023 मध्ये तिथले 8,000हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. मी मुलांना सांगतो, ताज्या अंकातले तीन पेपर पूर्ण वाचा. तक्ते तपासलेले दिसतात का, ते कळतं.

पेडणेकर_भूशास्त्र:
बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'जर्नल ऑफ अर्थ सिस्टम सायन्स' बघ. लेखकाकडून पैसे घेत नाहीत आणि अकॅडमीच्या साइटवर पेपर फुकट वाचता येतात. तुझ्या विषयाला चपखल.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे (केंद्र सरकारच्या एकत्रित वर्गणीच्या योजनेमुळे) 1 जानेवारी 2025 पासून 6,300 च्या वर सरकारी संस्थांना सुमारे 13,000 जर्नल्स उघडली. तीन वर्षांचे ₹6,000 कोटी. मला स्वतःला त्याचा फार उपयोग होतो, पण दिवाडीचा शेतकरी त्या लॉगिनच्या बाहेरच राहिला. म्हणून भांडारातली प्रत महत्त्वाची. आणि तुझ्या निष्कर्षांची दोन पानं मराठीत नि कोंकणीत लिहून काढ. मानस कधी उघडली की खारेपणा किती उतरतो, एवढंच. बाकीच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

मांडवीकाठ:
सही केली नव्हती, वाचले. मागे घेण्याची मेल आत्ताच गेली. तक्ता आज दुरुस्त करते, सरांशी सोमवारी बोलते. काका, संपादकांना लिहायच्या पत्राचा मसुदा बघून द्याल का?

ग्रंथपाल_फोंडा:
पाठव. तिसरा तक्ताही पाठव.