सैंधव मीठ घरात आणताय? गळ्यातल्या ग्रंथीचा विचार केला का?

खानापूरचा मास्तर
आमच्या भागात बऱ्याच घरांतून आयोडीन घातलेलं पिशवीतलं मीठ गेलं आणि गुलाबी सैंधव आलं. उपवासाला ठीक, पण रोजच्या आमटीत? मला अजिबात पटत नाही, त्यातून घरात गरोदर बाई किंवा तान्हं पोर असेल तर नाहीच.

गळ्यातली थायरॉईड ही अंतःस्रावी ग्रंथी. लाळेच्या ग्रंथीतून नळी निघून तोंडात उघडते, हिला नळीच नाही. हिचा स्राव थेट रक्तात मिसळतो आणि अंगभर पोचतो. (कन्नड माध्यमाची मुलं हिला निर्नाळ, म्हणजे बिननळीची, ग्रंथी म्हणतात; वेगळी व्याख्या पाठ करायला नको.) तो स्राव तयार व्हायला आयोडीन लागतं. ह्या स्रावातली संप्रेरकं दोन, टी-४ आणि टी-३. टी-४ च्या एका रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, टी-३ मध्ये ३. त्याच्याऐवजी दुसरं काही चालत नाही. गर्भाची स्वतःची ग्रंथी १२ व्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते, तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर चालते. तेव्हा आयोडीन फार कमी पडलं तर मेंदूचं नुकसान पुढं भरून येत नाही. आणि सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतंच.

शहापूरची सून
सर, आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर पिशवीतलं आयोडीनचंच मीठ खाल्लं. तरी रक्ततपासणीत टीएसएच (ग्रंथी मंद पडली की वाढतो तो) वाढलाच की! आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. आमची आजी खडेमीठ खायची, तिला कुठं थायरॉईड झाला होता? मग ह्या मिठानंच झालं नसेल कशावरून?

निपाणीची सिस्टर
ताई, आजीच्या वेळी टीएसएच कोण तपासत होतं? बाई सुस्तावली, अंग सुजलं, केस गळले की "वय झालं" म्हणून सोडून द्यायचे.

दुसरं, "थायरॉईड झालाय" एवढ्यावर काहीच कळत नाही. ग्रंथी कमी चालते, जास्त चालते की गाठ आहे, हे आधी विचारावं लागतं. आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या लोकांत ग्रंथी मंद पडण्याचं मोठं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं. हाशिमोतो या जपानी डॉक्टरनं १९१२ मध्ये हा विकार मांडला, तेव्हा आपल्याकडं आयोडीनचं मीठ आलंही नव्हतं. सासूबाईंची गोळी बंद करू नका, आणि मीठ बदलून ती सुटेल असंही धरून चालू नका.

चोर्ला घाट
मास्तर, तुम्ही सगळ्यांना एकाच काठीनं हाकूलाल्यात. आम्ही आठवड्यातून दोनदा गोव्याचा बांगडा खातो, आयोडीन आम्हाला तिथूनच मिळतं. जादा आयोडीननंही ग्रंथी बिघडते हे डॉक्टरच सांगतात. आणि सरकारचं तरी कुठं ठरलेलं होतं? बिनआयोडीनच्या मिठावरची बंदी २००० साली उठवली, २००६ मध्ये परत घातली. आम्ही काय खायचं ते आम्हाला ठरवू द्या.

खानापूरचा मास्तर
जादा आयोडीनचा मुद्दा खरा आहे, ज्यांना आधीच विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं. पण हिशेब बघा. दुकानातल्या मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसाची रोजची गरज तेवढीच. गरोदरपणी ती २५० पर्यंत जाते. ह्यात अति कुठं झालं? उलट बीपीसाठी मीठ ५ ग्रॅमवर आणायचं म्हटलं, तर त्या थोड्या मिठात आयोडीन असणं जास्तच गरजेचं.

बांगडा तुमच्या ताटात आहे, माळकऱ्याच्या घरात नाही. आमच्या तालुक्यात माळकरी घरं किती ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय धो धो पावसाच्या डोंगराळ मुलखात मातीतलं आयोडीन धुऊन जातं, मग त्या शेतातल्या भाजीत ते येणार कुठून? हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी मिठात आयोडीन घालून बघितलं आणि गलगंड घटला. मिठाचा कार्यक्रम उभा राहिला तो ह्या पुराव्यावर.

शहापूरची सून
सक्ती मला अजूनही पटत नाही. सासऱ्यांना सैंधवाचीच चव लागते, त्यांचं ते राहील. पण जाऊबाईला तिसरा महिना लागलाय. तिचा स्वयंपाक उद्यापासून वेगळा, आयोडीनच्या मिठाचा.

चोर्ला घाट
मी काय बदलत नाही वो. बायकापोरांचं तुमचं बरोबर असेल, पण मासे खाणाऱ्या घराला हा नियम कशाला, ह्याचं उत्तर अजून मिळालं नाही.

जांबोटीची वहिनी
आमच्याकडं पावसाळ्यात मीठ पाझरतं, म्हणून सगळे चुलीशेजारी उघडं ठेवतात. आयोडीन उडून जातं का त्यानं?

निपाणीची सिस्टर
ओल आणि धग दोन्हीनं कमी होतं. घट्ट झाकणाची बरणी घ्या, चुलीपासून लांब ठेवा, ओला चमचा घालू नका. आणि एकदम वर्षाचं भरून ठेवू नका, लागेल तशी पिशवी आणा.